गिनी-बिसाव आणि कोरलई : दोन पोर्तुगीज क्रिओल भाषांतील आख्यातविचार

शाळेतून घरी आलेले मूल ‘आई, भूक लागली’ असे म्हणते तेव्हा व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे ते भूतकाळ वापरीत असते. परंतु त्याची भूक भूतकाळात जमा झालेली नसते; ती त्या क्षणी त्याच्या पोटात असते. ‘कळले’, ‘पटले’, ‘दमलो’, ‘तहान लागली’ ही सारी रूपे याच जातीची. ‘जेवलो’ हे रूपही त्यांच्याच साच्यातले, पण त्याचा अर्थ वेगळा: तेथे क्रिया संपलेली आहे. एकाच प्रत्ययाने एका क्रियापदातून वर्तमान अवस्था आणि दुसऱ्यातून संपलेली घटना व्यक्त व्हावी, यात मराठी माणसाला काहीच विचित्र वाटत नाही. विचित्र वाटते ते व्याकरणकाराला. कारण काळ तीन आणि रूपेही तीन, असे गणित त्याला मांडावयाचे असते.

मराठी व्याकरणपरंपरेने या अडचणीतून जो मार्ग काढला तो भारताबाहेर फारसा ज्ञात नाही. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत येताना क्रियापदाच्या रूपाला त्याच्या काळावरून नव्हे, तर त्याच्या अंत्य वर्णावरून ओळखण्याची पद्धत स्थिरावली. ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात ही नावे रूपाची. भूत, वर्तमान, भविष्य ही काळाची. आणि स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही ‘अर्थां’ची, म्हणजे बोलणाऱ्याच्या वृत्तीची. रूप एक, काळ दुसरा आणि अर्थ तिसरा असू शकतो हे या त्रिविध विभागणीत गृहीत धरलेले आहे. पश्चिम आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील भाषांकडे पाहताना ही विभागणी युरोपीय व्याकरणाच्या चौकटीपेक्षा अधिक उपयोगी पडते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

गिनी-बिसाव हा आकाराने लहान, पण भाषांनी गजबजलेला देश आहे. बलांता, फुला, मांजाक, पेपेल, मांडिंगा असे अनेक समाज येथे आपापली भाषा बोलतात. त्यांपैकी बलांता हा मोठ्या समाजांपैकी एक. खारफुटीच्या दलदलीला बांध घालून तेथे भाताची शेती करण्याचे त्यांचे कौशल्य प्रसिद्ध आहे, आणि १९६३ ते १९७४ या काळातील स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांचा मोठा भरणा याच समाजातून झाला. उत्तरेस सेनेगालच्या कासामांस भागातही बलांता भाषिक आहेत. डेव्हिड सापिर यांनी १९७१ मध्ये अटलांटिक भाषांचे जे वर्गीकरण मांडले त्यात बलांता ही मांजाक आणि दिओला यांच्याबरोबर ‘बाक’ गटात येते. नामांचे वर्ग पूर्वप्रत्ययांनी दाखविणे आणि त्या वर्गाची खूण विशेषणादी पदांवर पुन्हा उमटविणे हे या भाषांचे ठळक वैशिष्ट्य होय.

या साऱ्यांना एकमेकांशी जोडणारी भाषा मात्र निराळी आहे. काशेउ, बिसाव, झिगिंशोर या पोर्तुगीज व्यापारी ठाण्यांभोवती पोर्तुगीज शब्दसंग्रह आणि आफ्रिकी बोलणारे यांच्या सहवासातून एक क्रिओल भाषा घडली. तिला तेथे ‘क्रिओल’ असेच म्हणतात. बलांता शेतकरी आणि फुला व्यापारी बिसावच्या बाजारात भेटले की बहुधा याच भाषेत बोलतात. बलांता आणि क्रिओल यांचा अभ्यास एकाच विद्वानाच्या हातून जवळजवळ एकाच वेळी व्हावा, ही गोष्टही लक्षणीय आहे. डब्ल्यू. ए. ए. विल्सन यांनी बलांता भाषेची रूपरेषा १९६१ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९६२ मध्ये गिनीच्या क्रिओलवरील पुस्तक. पुढे आलँ किम यांचा क्रिओल वाक्यरचनेवरील ग्रंथ १९९४ मध्ये आला, आणि कासामांसमधील गांजा बलांताचे सविस्तर वर्णन दनी क्रेसेल्स व सेकू बियाय यांनी २०१६ मध्ये केले. येथे विचार करावयाचा आहे तो मुख्यत: क्रिओल क्रियापदाचा; कारण त्यात पोर्तुगीज धातू आणि आफ्रिकी आख्यात यांची सांधेजोड डोळ्यांना दिसते.

क्रिओल क्रियापदाला पुरुष, वचन, लिंग यांचा एकही प्रत्यय लागत नाही. पोर्तुगीजमधील प्रत्ययांचा सारा पसारा येथे गळून पडला आहे. ‘न् कुमे’ म्हणजे ‘मी खाल्ले’. ‘न् सिबी’ म्हणजे मात्र ‘मला माहीत आहे’. (‘न्’ हा उत्तमपुरुषी एकवचनी सर्वनामाचा नासिक्य उच्चार.) दोन्ही ठिकाणी क्रियापद उघडेच आहे, त्यापुढेमागे काही नाही. असे असता एकाचा अर्थ भूतकाळी आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळी का? कारण ‘कुमे’ ही घटना आहे आणि ‘सिबी’ ही अवस्था. उघडे रूप ‘हे घडून चुकले’ एवढेच सांगते. खाण्याची घटना घडून चुकली की ती मागे पडते; कळण्याची घटना घडून चुकली की ज्ञान हाती राहते. मराठी लाख्यातातील ‘जेवलो’ आणि ‘कळले’ यांचा भेद नेमका हाच आहे. काळ क्रियापदाच्या अंगावर लिहिलेला नाही. तो धातूचा स्वभाव आणि क्रियेची पूर्णता यांच्या संयोगातून निष्पन्न होतो.

ही रचना पोर्तुगीजकडून आलेली नाही, हे उघड आहे. पोर्तुगीजमध्ये ‘मला माहीत आहे’ आणि ‘मी खाल्ले’ यांसाठी दोन वेगळे काळ आणि दोन वेगळे प्रत्यय लागतात. उलट शेजारच्या अटलांटिक भाषांत अशा रचनेची उदाहरणे सापडतात. सेनेगालमध्ये सर्वत्र चालणारी वोलोफ भाषा बलांताची दूरची नातलग आहे. तिच्यात ‘लेक्क ना’ म्हणजे ‘मी खाल्ले’ आणि ‘ख़म ना’ म्हणजे ‘मला माहीत आहे’. आख्यात एकच, ‘ना’. साम्य एवढ्यावर थांबत नाही. वोलोफमध्ये धातूला ‘ओन’ जोडला की सारे एक पायरी मागे सरकते: ‘लेक्कोन ना’ म्हणजे ‘मी खाल्ले होते’, ‘ख़मोन ना’ म्हणजे ‘मला माहीत होते’. क्रिओलमध्ये हेच काम ‘बा’ करतो: ‘न् कुमे बा’, ‘मी खाल्ले होते’; ‘न् सिबी बा’, ‘मला माहीत होते’. मराठीत ‘होते’ जे करते तेच. दोन भाषांतील शब्द पूर्णत: भिन्न, पण चौकट एकच. क्रिओलचा शब्दकोश लिस्बनचा असला तरी तिच्या क्रियापदाचे गणित किनाऱ्यावरचे आहे असे म्हणावयास हरकत नाही.

या ‘बा’ विषयी अभ्यासकांत बरीच चर्चा झाली आहे. पोर्तुगीज अपूर्ण भूतकाळाचा ‘वा’ हा प्रत्यय त्याचा जनक असावा असे एक मत. ‘संपणे’ या अर्थाच्या पोर्तुगीज किंवा स्थानिक धातूशी त्याचे नाते जोडणारे दुसरे. ही मते परस्परांना छेदतातच असे नाही. दोन भाषांचा संगम होतो तेथे दोहोंकडे ध्वनीने आणि अर्थाने जवळ असलेला अंश टिकण्याची शक्यता अधिक असते, आणि एकाच शब्दाला दोन बाप असणे हे क्रिओल भाषांत लाजिरवाणे मानले जात नाही. महत्त्वाची गोष्ट ही की, पोर्तुगीज ‘वा’ क्रिया अपूर्ण असल्याचे सांगत असे, तर क्रिओल ‘बा’ पूर्णापूर्णतेविषयी मौन पाळतो. तो फक्त म्हणतो: ज्या काळाविषयी बोलणे चालू आहे त्याच्या मागे जा. ध्वनी राहिला, काम बदलले.

आता क्रियापदाच्या पुढे येणारे दोन अंश. ‘ना’ आणि ‘ता’. (क्रिओलच्या या ‘ना’चा वोलोफच्या ‘ना’शी संबंध जोडू नये, हे ध्वनिसाम्य फसवे आहे.) ‘ई ना बाय’ म्हणजे ‘तो जात आहे’, आणि तेच ‘तो जाणार आहे’ही. ‘ई ता बाय’ म्हणजे ‘तो जातो’, म्हणजे जाण्याचा त्याचा परिपाठ आहे. ‘बा’ जोडला की ‘ई ना बाय बा’, ‘तो जात होता’. ‘ई ता बाय बा’, ‘तो जात असे’. एवढ्या तीन-चार अंशांनी जवळजवळ सारा कारभार चालतो. चालू क्रिया आणि भविष्य यांचा एकच अंश असणे हे गोंधळाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. जिना उतरणारा माणूस खालून हाक आल्यावर ‘आलो, आलो’ म्हणतो. तो अजून आलेला नसतो, पण येण्याच्या मार्गावर असतो. मराठीने तेथे पूर्ण क्रियेचे रूप उसने घेतले, क्रिओलने चालू क्रियेचे. भविष्य हा मुळात काळच नव्हे, तो बोलणाऱ्याचा निश्चय किंवा अंदाज असतो. भाषा तो कोणत्या ना कोणत्या दुसऱ्या खणातून काढून आणते. अवस्थावाचक धातूला ‘ना’ लावला की हे अधिक स्पष्ट होते: तेथे चालू क्रियेचा अर्थ सहजी बसत नाही, आणि भविष्याचाच अर्थ पुढे येतो.

खरी मौज ‘ता’ आणि ‘बा’ एकत्र येतात तेथे आहे. ‘सी न् तेने बा दिन्येरु, न् ता कुम्प्रा बा कासा.’ अर्थ: ‘माझ्याजवळ पैसे असते तर मी घर घेतले असते’, किंवा संदर्भाप्रमाणे ‘घर घेईन म्हटले असते’. म्हणजे परिपाठाचा ‘ता’ आणि मागे नेणारा ‘बा’ मिळून जे घडलेच नाही त्याचा अर्थ देतात. याच जोडीचा सुट्या वाक्यात ‘घेत असे’ असा अर्थ होतो, हे वर आलेच. नित्य घडणारे आणि न घडलेले यांना एकच कपडा का मिळावा? मराठीत याचे उत्तर घरातच आहे. वर्तमानकालवाचक ताख्याताला जे ‘ता’ लागते तेच संकेतार्थात येते: ‘तो येता तर बरे होते’. दामल्यांच्या परंपरेत याला द्वितीय ताख्यात असे वेगळे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. कारण रूपाची ओळख मिटवायची नाही आणि अर्थाचा भेदही लपवायचा नाही. परिपाठ हा प्रत्यक्ष एका क्षणी पाहता येत नाही. तो मनाने बांधलेला असतो. न घडलेली गोष्टही मनानेच बांधलेली असते. भूतकाळाची खूण तेथे काळ सांगत नाही, अंतर सांगते: वास्तवापासूनचे अंतर. क्रिओलचा ‘बा’ आणि मराठीचा ‘असता’ ही दोन्ही या अंतराची मापे होत.

विध्यर्थाकडे थोडे पाहून पुढे जाता येईल. ‘न् मिस्ती पा ई बाय’ म्हणजे ‘त्याने जावे असे मला वाटते’, ‘त्याने जावे ही माझी इच्छा आहे’. पोर्तुगीज येथे क्रियापदाचे खास रूप वापरते; क्रिओल धातू उघडाच ठेवून त्याच्या उपवाक्याआधी ‘पा’ उभा करते; मराठी ‘जावे’ हे वाख्यात आणि ‘त्याने’ ही तृतीया या दोहोंची योजना करते. ‘मिस्ती’ हा शब्द स्वत: मात्र वाचनीय आहे: पोर्तुगीजमधील ‘गरज’ या अर्थाच्या जुन्या शब्दातून तो आला आणि गिनीत ‘इच्छा’ झाला. ‘मला पाहिजे’ या मराठी रचनेत गरज आणि इच्छा अशाच एकत्र नांदतात. ‘शकणे’ या अर्थी ‘पुदी’ आहे, कर्तव्यासाठी ‘दिबी दी’ आहे. त्यांत विशेष काही नाही. नकाराचा ‘का’ सर्वत्र क्रियापदसमूहाच्या आधी येतो, आणि निषेध करताना तो कर्त्याच्याही आधी जातो: ‘का बु बाय’, ‘जाऊ नकोस’. मराठीने निषेधासाठी ‘नको’ असे स्वतंत्र क्रियापदच घडविले आहे. या एका बाबतीत मराठीची श्रीमंती कबूल करावी लागेल.

हा सारा विचार केवळ व्याकरणाचा राहत नाही. या क्रियापदाकडे ‘मोडकी पोर्तुगीज’, ‘काळ नसलेली भाषा’ म्हणून पाहिले गेले आणि त्या पाहण्याला कायद्याचे बळ होते. १९५४ च्या कायद्याने पोर्तुगीज गिनी, अंगोला आणि मोझांबिक येथील आफ्रिकी माणसाला नागरिकत्व मिळविण्यासाठी ज्या अटी घातल्या होत्या त्यांत पोर्तुगीज भाषा शुद्ध बोलता येणे ही एक होती. १९६१ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत क्रियापदाचा प्रत्यय चुकणे ही त्या माणसाच्या दृष्टीने निबंधातील चूक नव्हती. हक्कांच्या दारात अडविणारी गोष्ट होती. गोव्यात हा कायदा लागू नव्हता. पण कोंकणीच्या वाट्याला आलेली अवहेलना ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दृष्टीची ओळख वेगळी करून द्यावयास नको. स्वातंत्र्यलढ्याचा नेता अमिल्कार काब्राल यानेही पोर्तुगीज भाषेला वसाहतवाल्यांच्या वारशातील मोलाची गोष्ट मानले होते, आणि १९७३ मध्ये स्वातंत्र्य घोषित झाल्यानंतर राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीजच राहिली. क्रिओल मात्र छावण्यांतून, गाण्यांतून आणि बाजारांतून देशभर पसरली. जोझे कार्लोस श्वार्झ (१९४९–१९७७) याने आपली गाणी तिच्यात रचली. ओदेते सेमेदो यांच्या १९९६ च्या काव्यसंग्रहात पोर्तुगीज आणि क्रिओल शेजारी शेजारी आहेत.

आता याच पोर्तुगीजचे दुसरे टोक पाहावे. ते रायगड जिल्ह्यात आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोरलईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, एका ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली क्रिओल भाषा आजही बोलली जाते. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. त्यांची संख्या हजाराच्या आसपास. चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे गेले, पोर्तुगीज सत्ता निघून गेली, भाषा राहिली. वसई-मुंबईकडील तिच्या भगिनी बोलीचे वर्णन गोव्याचे विद्वान सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये केले. त्या भगिनी आता लोपल्या आहेत. कोरलईचा सांगोपांग अभ्यास क्लँसी क्लेमेंट्स यांच्या १९९६ च्या ग्रंथात आहे.

गिनीतून कोरलईत येणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो हा की, येथे प्रत्यय जिवंत आहेत. ‘गाणे’ या अर्थाच्या ‘काता’ या धातूची ‘कातो’, ‘कातान’, ‘काताद’ अशी रूपे होतात. पूर्ण क्रियेचे, चालू क्रियेचे आणि धातुसाधित. चालू रूपासोबत ‘ते’ आले की वर्तमान, ‘ती’ आले की भूत. भविष्यासाठी ‘ल’ हा अंश आहे. पोर्तुगीजच्या तीन धातुगणांचे स्वरही टिकून आहेत. वाक्यातील क्रम मात्र बहुधा मराठीचा: कर्म आधी, क्रियापद शेवटी. आणि एक गोष्ट विशेष लक्ष वेधते. मराठीतून घेतलेल्या धातूंसाठी या भाषेने चौथा गण निर्माण केला असून त्याचा स्वर ‘ऊ’ आहे. ‘करू नको’, ‘करू लागला’ यांतील ऊ-आख्याताशी त्याचे नाते दिसते. म्हणजे मराठी धातू कोरलईच्या भाषेत उघडा शिरत नाही. आपला ऊ-कार घेऊन येतो, आणि त्यावर पुढे पोर्तुगीजपासून आलेले ‘व’, ‘न’, ‘द’ चढतात. एका भाषेच्या आख्याताने दुसऱ्या भाषेत गण व्हावे, याची इतकी स्वच्छ उदाहरणे विरळा.

दोन टोकांत हा भेद का पडला, याचे एकच कारण देणे धाडसाचे होईल. कोरलईच्या लोकांचा चर्चमार्फत पोर्तुगीजशी संबंध सत्तांतरानंतरही दीर्घकाळ राहिला, हे एक. दुसरे असे की, ज्यांची शेजारभाषा मराठी आहे त्यांना प्रत्यय हा अनोळखी प्राणी नव्हे. शब्दाच्या शेपटीकडे पाहून अर्थ लावण्याची त्यांच्या कानांना सवय असते. पण एवढ्याने सारे उलगडत नाही. कारण वोलोफचा ‘ओन’ही धातूला चिकटतोच, आणि तरी गिनीच्या क्रिओलने पोर्तुगीज प्रत्यय टाकून सुटे अंश पत्करले. तेथे बोलणारे अनेक मातृभाषांचे होते आणि त्यांना परस्परांत बोलावयाचे होते. कोरलईत शेजारभाषा एकच होती. एका शेजाऱ्याशी जमवून घेताना त्याच्या वस्तू घरात आणता येतात. दहा शेजाऱ्यांशी जमवून घेताना सर्वांना उचलता येईल एवढेच सामान ठेवावे लागते. प्रस्तुत लेखाचा कल या कारणाकडे अधिक आहे.

अनुवादकाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक प्रश्न निघतो. गिनीच्या लोककथांत लुबू (तरस) आणि लेब्री (ससा) यांच्या गोष्टी आहेत. कथेची चौकट एकदा ठरली की पुढील घटना उघड्या क्रियापदांनी सांगता येतात. ‘बा’ प्रत्येक वाक्यात लागत नाही, तो येतो तेव्हा कथेच्या चालत्या काळाच्याही मागे काही घडलेले असते. पोर्तुगीज भाषांतरकाराला प्रत्येक क्रियापदावर काळ ठोकावाच लागतो, आणि अवस्था व घटना यांचे उघडेपण त्यात झाकले जाते. मराठी अनुवादकाने पोर्तुगीजवरून अनुवाद केला तर तो हे झाकलेले रूपच उचलील. क्रिओलवरून केला तर लाख्यात त्याला जवळजवळ शब्दश: साथ देईल: ‘तरस आले, बसले, त्याला भूक लागली, त्याला कळले’. ‘आले’ मागे पडते, ‘भूक लागली’ चालू राहते, आणि दोन्ही ‘ल’वरच थांबतात. ‘बा’ दिसेल तेथेच ‘होते’ घालावे, इतरत्र नाही. ‘ता’ आणि ‘बा’ एकत्र दिसले तर मात्र थांबून वाक्य पुन्हा वाचावे लागेल: लेब्री रोज त्या वाटेने जात असे, की लुबू नसता तर गेला असता, हे क्रियापद सांगणार नाही, ‘सी’ने सुरू होणारे उपवाक्य जवळपास कोठे आहे का, ते शोधावे लागेल.